वरची एक काडी

पाण्याच्या पाळीवर पत्ते खेळताना मी शेवटी एक काडी जास्त टाकली आणि वहिनीची वांगी वाळवली.

तेव्हा इंग्रजी अमदानी होती आणि मला मिसरूड नीट फुटलं होतं, अक्कल मात्र नव्हती. वडगाव निंबाळकरच्या शिवारात कालव्याचं पाणी चारीनं यायचं, तेही दहा-बारा दिवसांनी एकदा. पाटकरी ठरवून देईल तेवढ्या घटका पाणी आपलं. ते वरच्या रानांतून खाली येईपर्यंत आम्ही करंजाखाली तीनपानी खेळत बसायचो. पैसा कुणाच्याच खिशात नसे. म्हणून काड्यापेटीतली एक काडी म्हणजे एक घटका पाणी, असा आमचा कायदा. हरणाऱ्यानं तेवढा वेळ आपलं पाणी जिंकणाऱ्याच्या रानात सोडायचं.

माझ्या बारा घटकांतल्या निम्म्या वहिनीच्या होत्या. थोरला भाऊ कार्तिकात गेला. त्यानंतर तिनं निम्म्या रानात बारामतीच्या बाजारासाठी वांगी लावली होती; तिची वर्षाची मीठमिरची त्यावरच. वैशाख चालू होता. ही पाळी चुकली तर झाडं तगणार नाहीत हे आमच्या बैलांनाही कळत होतं. मला कळायला जरा वेळ लागला.

त्या दुपारी डावात दोघंच उरलो. मी आणि शेजारच्या रानाचे तात्या, साठीचे, तंबाखू मळत खेळणारे. मध्ये दोघांच्या तीन-तीन काड्या पडलेल्या. तात्यांनी आणखी एक टाकली. मी बरोबरीची एक टाकून 'उघड' म्हणायचं, पानं बघायची, मिटलं. पण माझ्या हातात दोन राजे होते, आणि दोन राजे हातात आले की माणूस स्वतःला तिसरा समजतो. मोठं वाढवायची छाती नव्हती, नुसतं उघडायला मन होईना. मी दोन टाकल्या. एक बरोबरीची, एक वरची.

आता आठवलं की डोकं आपटावंसं वाटतं. तात्यांची पानं हलकी असती, तर मला फार तर ती एक काडी मिळाली असती. भारी असली तर वाढवायची संधी मी त्यांना आयती देत होतो.

तात्यांनी तंबाखूचा बार भरला आणि आठ काड्या पुढं सरकवल्या. "टाक सात, न्हायतर ऊठ."

माझ्याजवळ नेमक्या सातच होत्या. बाजूला बसलेला पाटकरी म्हणाला, "ऊठ की लेका. पाच गेल्या तर गेल्या, सात तर ऱ्हातील."

सातांत वांगी भिजली असती. पण म्हातारा हूल देतोय असं मला वाटलं. खरं सांगायचं तर वाटलं नव्हतं. चारचौघांत उठायची लाज वाटली. मी सातही टाकल्या. तात्यांनी तीन पंजे मातीत मांडले.

"तात्या, त्यातल्या सहा घटका वहिनीच्या हायत."

"मग तुज्या हातात कशा आल्या?" तात्या काड्या गोळा करत म्हणाले. "गप उघड म्हनला असतास तर चार काड्यांत सुटला असतास. वाढवायची हौस तुला आली. मी आपला तुज्या मागनं आलो."

पाणी तात्यांच्या उसात गेलं. वहिनी विहिरीच्या तळाचा गढूळ गाळ घागरीनं उपसून एकेका झाडाला घालत राहिली. मीही घागर उचलली, तर तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली. चौथ्या दिवशी फुलं गळाली. आठव्या दिवशी तिनं नखानं एक खोड खरवडलं, आत हिरवं काही नव्हतं. मग ती खाली बसली आणि वांगी उपटून जळणासाठी मोळ्या बांधायला लागली.

मी बांधावर उभा. काहीतरी बोलावं म्हणून बोललो, "वहिनी, चुकलं माझं. पण हातात दोन राजे होते."

तिनं मोळीची गाठ आवळली. "भावजी, त्या दिशी तुमी घरात घोरत पडला असता तर बरं झालं असतं. पान्याची दारं धरायला मीच गेले असते."