विहिरीतला हिरवा दगड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सतरा वर्षं झाली. एकदा-दोनदा जिभेवर आलं होतं, पण मग मी दुसरंच काहीतरी बोललो — पाण्याचा टँकर, मुलीची फी, असलं काहीतरी. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल बहुतेक.

मला दगड गोळा करायचा नाद आहे. साधे दगड नव्हेत. आपल्या काळ्या कातळात पोकळ्या असतात आणि त्या पोकळ्यांमध्ये स्फटिक वाढलेले असतात — पांढरे, गुलाबी, क्वचित हिरवे. विहीर खणताना, पाया खोदताना ते सापडतात. चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीत होतो. सहा दिवस मायक्रोमीटर, सातव्या दिवशी दगड. आमच्यासारख्या छंदिष्टांचं एक मंडळ होतं, दर महिन्याला जमायचं. त्यात माझं नाव होतं — म्हणजे, व्हावं असं मला फार वाटायचं.

बबननाना मला मोशीच्या पुढे एका खोदकामावर भेटले. त्याच बाजूच्या गावचे, जुन्या शेतकरी घरातले. तरुणपणी विहिरींत सुरुंग लावायचं काम केलेलं. पुढे विहिरी संपल्या, शेड उभ्या राहायला लागल्या, तेव्हा ते पोकलेन चालवायला शिकले. बकेटमध्ये काही चमकलं की मशिन बंद करून खाली उतरायचे. मुकादम शिव्या द्यायचा. द्यायचा तर द्यायचा.

त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी दारातच थांबलो. आतल्या खोलीत भिंतभर फळ्या, फळ्यांवर मिठाईचे खोके, आणि प्रत्येक खोक्यात गादीच्या कापसात ठेवलेला एकेक दगड. चारशेच्या वर असतील. नानांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या बायको, म्हणजे काकी, सातवी शिकलेल्या. नाना सांगायचे आणि काकी वहीत लिहायच्या — कुणाची विहीर, किती पुरुष खोल, कोणता सुरुंग, त्या दिवशी कोण सोबत होतं. माझ्याकडे पुस्तकं होती, शास्त्रीय नावं होती. पण अशी वही नव्हती. दगड कुठला हे ठाऊक नसेल तर तो नुसता दगड — हे मीच मंडळात सगळ्यांना ऐकवायचो. आणि तशी नोंद ठेवत होतं कोण?

दोन वर्षं मी जवळजवळ दर रविवारी त्यांच्याकडे जात होतो. काकी मला जेवल्याशिवाय सोडत नसत. हे मुद्दाम सांगतोय. लपवलं तर पुढचं सोपं वाटेल, आणि ते सोपं नव्हतं.

त्यांच्याकडे एक हिरवा दगड होता. पांढऱ्या, पिसांसारख्या थरावर उभे राहिलेले हिरवे टोकदार स्फटिक, तळहाताएवढे. स्वतःची विहीर खोल करताना नानांना तो दिसला होता. सुरुंगाने फुटला असता म्हणून त्यांनी काम थांबवलं, आणि दोन दिवस गुडघाभर पाण्यात बसून खिळ्याने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने तो मोकळा केला. ती जमीन नंतर कंपनीत गेली. विहीर बुजवली. वर आता शेड आहे.

मंडळाने आकुर्डीत एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं तेव्हा मी तो दगड मागितला. नानांनी लगेच दिला. उलट त्यांनाच आनंद झाला. म्हणाले, "न्या की. फक्त कागुदावर लिवा, आमच्या हिरीतला हाय म्हून. हीर तर ऱ्हायली न्हाई."

मी लिहिलं. खरंच लिहिलं होतं — शोध : बबननाना, आणि पुढे त्यांचं आडनाव. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी ते कार्ड काचेत लावलं. मग मागे सरकून पाहिलं. अख्ख्या हॉलमध्ये तसा दगड नव्हता. आणि त्याच्यापुढे माझं नाव नव्हतं. मी कार्ड बाहेर काढलं, फाडलं, नवीन लिहिलं. दोन मिनिटं लागली असतील. अक्षर पहिल्यापेक्षा चांगलं आलं.

नानांना येण्याचं आमंत्रण मी दिलं नव्हतं. का, ते तुम्हाला कळलंच असेल.

दुसऱ्या दिवशी काचेपुढे गर्दी झाली. भूगर्भशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आले होते, त्यांनी विचारलं, "कसा मिळाला हो हा?" आणि मी सांगायला लागलो. विहीर, गुडघाभर पाणी, खिळा, ब्रश — सगळं सांगितलं. फक्त नानांच्या जागी 'मी' घातला. लोक ऐकत होते. मी रंगून गेलो होतो. पाणी किती गार होतं हेसुद्धा सांगितलं.

आणि मग गर्दीच्या मागे मला पांढरी टोपी दिसली. इस्त्रीचा सदरा घातलेले नाना, आणि शेजारी ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या काकी. कधीपासून उभे होते? मला माहीत नाही. सगळं ऐकलं असेल का? पाणी गार होतं हे तरी नक्की ऐकलं असेल, कारण नाना माझ्याकडे बघत होते, एखाद्याची ओळख पटत नसल्यासारखे.

काकी काचेपाशी आल्या. त्यांना मोठ्याने वाचायची सवय. एकेक शब्द करत त्यांनी कार्ड वाचलं आणि माझ्या नावाशी थांबल्या. परत पहिल्यापासून वाचलं.

प्राध्यापकांनी नानांकडे बघत मला सहज विचारलं, "हे कोण?"

मी तेव्हाही सांगू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "आमचे गाडीवाले. दगड वाहून आणतात."

नानांनी टोपी सारखी केली. प्राध्यापकांना हात जोडले आणि म्हणाले, "व्हय. मी गाडीवाला."

माझी लाज त्यांनी झाकली. सगळ्यांदेखत. मग काकींना म्हणाले, "चल," आणि दोघं गेले. मी त्यांच्या मागे गेलो नाही. पुढच्या माणसाने काहीतरी विचारलं, त्याला उत्तर देत बसलो.

दोन महिन्यांनी दगड परत द्यायला गेलो. नाना ओट्यावर होते. 'या' म्हणाले, काकींना चहा ठेवायला सांगितला, रस्ता रुंद होणार म्हणतात त्याबद्दल बोलले. मी पिशवी पुढे केली. त्यांनी तिला हात लावला नाही. "ऱ्हाऊ द्या. तुमच्या नावाचा हाय आता त्यो." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

आतल्या खोलीच्या फळ्या रिकाम्या होत्या. एकही खोका नव्हता. मी काकींकडे पाहिलं.

"खडी मशिनीवर नेलं," त्या म्हणाल्या. "दोन दिस टेम्पोनं खेपा केल्या. मी म्हनलं, नका. ऐकलं न्हाई."

चारशे दगड. कुठल्या तरी रस्त्याखाली असतील, कुठल्या तरी सोसायटीच्या स्लॅबमध्ये. वहीचं काय झालं ते विचारायचं धाडस मला झालं नाही. चहा मात्र मी प्यालो. त्यानंतर मी त्या घरी गेलो नाही.

मागच्या वर्षी नाना गेले. कुणाकडून तरी कळलं, म्हणून दहाव्याला इंद्रायणीकाठी गेलो. मागेच उभा राहिलो होतो. काकी खूप वाकल्या आहेत आता. त्यांनी मला ओळखलं. शेजारच्या बायकांनी विचारलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाल्या, "ह्यांचे दोस्त हायेत. लई यायचे घरी."

बायकांनी माझ्याकडे पाहून नमस्कार केला. मीही हात जोडले.