जुन्या मापाची पॅन्ट

सिझरनंतर सात महिन्यांनी मी वनरक्षकाच्या कामावर परत रुजू झाले, तेव्हा मला वाघाची भीती नव्हती, अस्वलाची नव्हती आणि वनपाल साहेबांचीही नव्हती. भीती होती खाकी पॅन्टच्या बटणाची.

रजेवर जाताना मी नवऱ्याला ठणकावून सांगितलं होतं, की परत जाईन ती याच पॅन्टमध्ये. तो बिचारा काहीच म्हणाला नव्हता. भांडण माझं माझ्याशीच होतं, पण आता माघार घ्यायची म्हणजे त्याच्यासमोर नाक कापून घेणं.

टाक्यांची रेघ अजून बधिर होती. चिमटा काढला तरी कळायचं नाही. आणि तिच्यावर पोट असं येऊन बसलं होतं, जशी ओट्यावर गप्पांना बसलेली शेजारीण. उठायचं नावच नाही. खरी शेजारीण तर म्हणून गेली होती, "सिझरमधी काय तरास? चेन उघडली अन् लेकरू काढलं." मी हसले नाही, कारण हसलं की टाके ओढायचे. आंघोळ करताना मी खाली बघतच नसे.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी मी कामावरचा टेप काढला. झाडाचा घेर आम्ही जमिनीपासून साडेचार फुटांवर घेतो. हात सवयीने तिथेच गेले. माझी उंची जेमतेम सव्वापाच फूट, त्यामुळे टेप गळ्याभोवती आला. आकडा बघून मला फार बरं वाटलं. तेवढ्यात सासूबाई आत आल्या.

"तिथी काऊन मोजून राह्यली?" त्या म्हणाल्या. "गळा तं बारीकच आहे तुया."

सकाळी त्यांनीच जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून माझ्या पोटाला करकचून बांधला. बटण लागलं. श्वास मात्र अर्धाच आत जात होता.

आलापल्लीजवळच्या सागाच्या जंगलात झाडं मोजायची होती. सोबत एक वनमजूर बाई होत्या, माझ्या आईपेक्षा मोठ्या. मी घेर घ्यायचा, त्यांनी झाडावर रंगाने नंबर टाकायचा. सातव्या झाडाला मी दोन्ही हातांनी कवेत घेतलं, टेपचं टोक पकडायला अंग ताणलं आणि बटण टक्कन उडालं. पाठोपाठ शर्टखालून लुगड्याचा पट्टा हळूहळू बाहेर यायला लागला. मी एका हाताने पॅन्ट आणि दुसऱ्याने टेप धरून उभी राहिले. सरकारी टेप सोडायची हिंमत झाली नाही.

बाई खाली बसून सागाच्या वाळक्या पानांत बटण शोधायला लागल्या. सापडलं. पण त्यांनी ते लगेच दिलं नाही.

"मॅडम, हे झाड मागच्या टायमाले केवढं होतं?"

मी वहीत बघून सांगितलं.

"अन् आता?"

"चार सेंटीमीटर जास्त."

"मंग आता कोणतं लिहान? मागचंच?"

मला आधी राग आला, आणि तो बाहेर पडायच्या आत रडूच आलं. मला या पोटाची लाज वाटत होती. माझी लेक ज्यात नऊ महिने राहिली, ते मी सकाळपासून एखाद्या गुन्हेगारासारखं बांधून फिरवत होते. बाईंनी आपल्या पदराची सेफ्टी पिन काढून माझ्या पॅन्टला लावली आणि आठव्या झाडाकडे गेल्या.

संध्याकाळी नव्या पॅन्टचं माप द्यायला मी नवऱ्याला घेऊन शिवणकाम करणाऱ्या ताईकडे गेले. तिने कमरेला टेप लावला. मी सवयीने पोट आत ओढलं. ती टेप धरून तशीच उभी राहिली.

"पोट सोडा ना. असं माप खोटं येते."

मी पोट सोडलं. सात महिन्यांत कुणासमोर पहिल्यांदाच. तिने आकडा मोठ्याने वाचला. दारात नवरा लेकीला खांद्यावर घेऊन उभा होता, त्याच्यापर्यंत तो स्वच्छ पोचला. त्याने माझ्याकडे पाहिलं. ताईने पेन्सिल उचलली.

"एवढंच नको लिहू," मी म्हटलं. "दोन इंच जास्त ठेव. त्या बटणापायी मी कालपासून जेवली नाई."