ज्याचं त्यानं वाढून घ्यावं

घरातली मुलं तिला सोप्पीकाकू म्हणत. कुठलंही काम पुढ्यात आलं की "हे सोप्पं करून टाकू" हे तिचं पालुपद. दवाखान्याच्या धुलाईघरात ती दिवसाला दोनशे चादरींच्या घड्या घालायची आणि घरी आली की सासूबाईंचं सगळं बघायची. त्यांना अंथरुणाला खिळून तिसरं वर्ष चाललं होतं. कूस बदलायलाही माणूस लागे. जीभ आणि कान मात्र देवाच्या कृपेने शाबूत.

वर्षअखेरच्या सुट्टीत सगळे नातलग याच घरी जमत. पूर्वी सासूबाई आठवडाभर राबून दहा-दहा पदार्थ करायच्या. तोच थाट सोप्पीकाकूने दोन वर्षं रेटला. दुसऱ्या वर्षी पाहुणे गेले आणि तिची कंबर अशी धरली, की चार दिवस सासूबाईंना कुशीवर वळवायला शेजारणीला हाक मारावी लागली.

यंदा महिनाभर आधीच मोठ्या नणंदेचा, म्हणजे वन्संचा, फोन आला. "तुला झेपत नाही. आता आमच्याकडेच जमू." विचारलं नाही, ठरवूनच टाकलं. वन्संचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. सासूबाईंना तिथे नेणार कोण? वर्षातून एक दिवस त्यांच्याभोवती माणसं असायची, तोही गेला असता.

"जमायचं इथेच," सोप्पीकाकू म्हणाली. "फक्त मी राबणार नाही."

"म्हणजे पाहुण्यांना उपाशी ठेवणार?"

"देव भावाचा भुकेला, वन्सं. त्याचं नुसत्या नमस्कारावर भागतं. आपलं एका पातेल्यावर भागेल."

तिने आदल्या संध्याकाळी भाज्यांचा जाडसर रस्सा केला आणि बेकरीतून पाव मागवले. सकाळी नवऱ्याच्या मदतीने सासूबाईंचा पलंग पुढच्या खोलीत, खिडकीशी आणला. शेजारी टेबल, टेबलावर गरम केलेल्या रश्श्याचं पातेलं, पाव, डाव आणि ताटल्यांची चळत. भिंतीवर कागद डकवला: 'ज्याचं त्यानं वाढून घ्यावं.' मग ठेवणीतले कपडे घालून ती पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बसली, ती बसलीच.

चौदा माणसं आली. वन्संनी दारातूनच कागद वाचला. "खानावळ काढलीस का गं?"

"खानावळीत वाढपी असतो, वन्सं. इथे तोही नाही."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकला काढला. वन्सं टेबलालगतच्या खुर्चीत बसल्या आणि हाताची घडी घालून बसून राहिल्या. पाहुण्यांत त्या थोरल्या. त्यांनी ताटली घेतल्याशिवाय दुसऱ्याने घ्यायची नाही, हा घरचा शिरस्ता. धाकट्या पुतण्याचा हात पावाकडे गेला, तर त्याच्या आईने फटका दिला. रस्सा निवत चालला. सगळे एकमेकांची तोंडं पाहत होते.

नवरा अर्धवट उठला. "मी वाढू का?"

"बसा," ती हळूच म्हणाली. "आज तुम्ही उठलात, की पुढच्या वर्षी मला उठावं लागेल."

धास्ती तिलाही होती. ही माणसं उपाशी परतली, तर संध्याकाळपर्यंत सगळं गोत तिसऱ्या मजल्याच्या बाजूने झालं असतं. तिने मनातल्या मनात देवाला हाक मारली, पण जागा सोडली नाही.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "सगळ्यांनी मौन धरलंय का? मला भूक लागलीय."

सवयीने सोप्पीकाकू उठू लागली. मग तिने गुडघ्यांवर हात दाबले. "वन्सं, पातेलं तुमच्या हाताशी आहे."

भावजयीला नाही म्हणता येतं. आईला कसं म्हणणार? वन्सं उठल्या. डावभर रस्सा वाढला, त्यात अख्खा पाव ठेवला आणि ताटली आईपुढे धरली.

"हे मी कसं खाऊ गं?" सासूबाई म्हणाल्या.

वन्सं गोंधळल्या. सोप्पीकाकूने बसल्या जागेवरून सांगितलं, "डोक्याखाली दुसरी उशी घ्या. पाव रश्श्यात भिजवून कुस्करा. चमचा लहान. आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही."

अर्धा पाव भरवायला वीस मिनिटं लागली. वन्संची बाही रश्श्याने माखली, कपाळावर घाम आला.

"रोज एवढा वेळ लागतो?"

"दिवसातून तीनदा."

आईचं तोंड पुसून वन्संनी चळतीवरची ताटली उचलली आणि स्वतःला वाढून घेतलं. मग काय, पातेल्यापाशी रांग लागली. सासूबाई येणाऱ्या प्रत्येकाचा हात धरून त्याची खबरबात विचारत होत्या, आणि दोघांना वजनावरून टोमणेही मारून झाले.

निघताना वन्सं पायात चपला सरकवत म्हणाल्या, "रस्सा पांचट होता. पुढच्या वर्षी मी करून आणीन."

"इथे?"

"मग आईला सोडून कुठे?"

"आणा," सोप्पीकाकू म्हणाली. "पण मी आजच्यासारखीच बसून राहणार हं."