मापाचा खांब

मावळात जीवाश्म शोधायचे म्हटल्यावर कॉलेजात माझी पुरेपूर थट्टा झाली. आमचा सगळा मुलूख लाव्हाच्या काळ्या दगडाचा, त्यात शंख-शिंपले कुठून सापडणार? मला शिकवणारे सर माणूस म्हणून फार चांगले, पण तेही म्हणाले, "कोकणात जा, खाडीकाठी काम करा. तुमच्या लोणावळ्यात फार तर चिक्कीतले शेंगदाणे सापडतील." सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि मनात म्हटलं, थांबा जरा.

मी दगडात काही शोधतच नव्हते. मला गाळ हवा होता. तळ्याच्या तळाशी दर पावसाळ्यात गाळाचा एक पातळ थर बसतो. त्या वेळी पाण्यात जगणाऱ्या गोगलगायींचे शंख आणि शेवाळाची डोळ्यांना न दिसणारी कवचं त्यात अडकून राहतात. वरून खाली एकेक थर तपासत गेलं की ते तळं कधी भरलेलं होतं, कधी उथळ होतं, ते समजतं. खाडीकाठची मंडळी समुद्र कुठवर आत आला होता ते याच पद्धतीनं शोधतात. मला माझ्या मावळातल्या गोड्या पाण्याची हकिकत हवी होती. अडचण एकच होती. तळ्याचा तळ बघायचा तर तळं आटायला हवं, आणि आमच्याकडचा पाऊस असा की तळं आटायची वाट बघता बघता माझे केस पांढरे झाले असते.

मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा तो दुष्काळ आला. घाटमाथ्यावर खंडाळ्याला थोडाफार तरी पाऊस झाला, पण पूर्वेकडे तळेगाव-आंबीच्या पट्ट्यात तो फिरकलाच नाही. उन्हाळ्यात आंबीच्या पलीकडच्या एका वाडीचं तळं आटलं आणि तिथं दुष्काळी काम निघालं. तळं खणून खोल करायचं. ही बातमी वडिलांनी आणली. ते रेल्वेत होते, आम्ही खंडाळ्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो, आणि गाडीनं येणारी प्रत्येक बातमी आधी त्यांच्या कानावर पडायची. लोकांच्या हालांमुळे माझी सोय होतेय, हे मला तेव्हाही टोचलं. पण दुसऱ्याच दिवशी भाकरी बांधून घेतली, आईचा भाजीचा सुरा पिशवीत टाकला आणि सकाळची गाडी धरली.

सगळी वाडी तळ्यात उतरली होती. पुरुष कुदळीनं खणत होते आणि बायका रांगेत उभ्या राहून मातीची घमेली हातोहात बांधावर पोचवत होत्या. खणून झालेल्या जागेत मधेमधे मातीचे उभे खांब तसेच सोडलेले होते. ते कशाला ठेवलेत, म्हणून मी मुकादमाला विचारलं.

"मापाचं खांब हायती, बाई. जमीन आदी कुटवर हुती त्ये सायबाला दिसाय नको? माप झालं की पाडायचं."

मी त्यातल्या मधल्या खांबाकडे बघतच राहिले. पुरुषभर उंच, चारी बाजूंनी तासलेला आणि आत तळ्याचा जुना तळ जसाच्या तसा. मी एकटीनं वर्षभर खड्डे खणले असते तरी असा नमुना मिळाला नसता. मुकादमाला म्हटलं, "हा खांब मला हवा."

"घरला घेऊन जाता काय?" तो म्हणाला. सगळे हसले. थट्टेची मला सवय होतीच. शेवटी त्यानं सांगितलं, "सायब येईस्तोवर काय खरवडायचं त्ये खरवडा. त्ये आलं की मी थांबनार न्हाई."

माझ्या खांबाजवळ एक बाई एकटीच खणत होती. चाळिशी ओलांडलेली, काटक, अबोल. ती स्वतः खणायची, स्वतः घमेलं भरायची आणि रांगेला वळसा घालून ते एकटीच बांधावर नेऊन टाकायची. बाकीच्यांची माती हातोहात जात असताना हिची फेरी संपतच नव्हती. दुपारी मला राहवेना. "मावशी, रांगेत का देत नाही घमेलं?"

"माज्या हातचं कुनी घेत न्हाई," ती म्हणाली आणि पुन्हा कुदळ उचलली.

रांगेतल्या बायकांच्या बोलण्यातून हळूहळू सगळं समजलं. तळ्याच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड होते, ते आसरांचे. पाण्याच्या या देवींची ओटी वाडीतल्या एकेका घरानं पाळीपाळीनं भरायची, असा तिथला रिवाज. आदल्या वर्षी पाळी मावशीच्या घराची होती. नेमकी तेव्हाच तिची सून बाळंत झाली, घराला सोयर लागली आणि ओटी राहून गेली. पुढच्या पावसाळ्यात पाऊस आला नाही आणि तळं आटलं. कुणाच्या आज्या-पणज्यानं ते आटलेलं पाहिलं नव्हतं. मग दोष कुणाचा? मावशीचा. सगळ्यात जास्त बोलायची ती तिची थोरली जाऊ, आणि रांगेत सगळ्यात पुढं, मावशीचं घमेलं जिच्या हातात जायला हवं तिथं, तीच उभी होती.

माझं डोकं फिरलं. आभाळातून पाऊस पडला नाही आणि शिक्षा एका बाळंतिणीच्या सासूला! मी त्या वाडीची कुणी नव्हते, पण मला गप्प बसता येत नाही, हा माझा जन्मजात दोष आहे. आई त्याला हट्ट म्हणते.

मी सुरा काढला आणि खांबाची एक बाजू वरपासून खालपर्यंत तासून काढली. वर काळा गाळ होता आणि त्यात तांदळाएवढे पाणगोगलगायींचे शंख. त्याखाली फिकट, कडक थर. त्या थरातून खाली उतरत गेलेल्या भेगा दिसत होत्या, वर रुंद आणि खाली निमुळत्या, पिवळ्या मातीनं भरलेल्या. त्या मातीत गवताच्या मुळांच्या नळ्या होत्या आणि जमिनीवर राहणाऱ्या गोगलगायींची जाड कवचं होती. त्याखाली पुन्हा काळा गाळ आणि पुन्हा पाण्यातले शंख. आणखी खाली पुन्हा भेगा. मी आजूबाजूला पाहिलं. तळ्याच्या न खणलेल्या कडेला, लोकांच्या पायांखाली, अगदी तशाच भेगा पडल्या होत्या.

हे तळं पूर्वीही आटलं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. किती वर्षांपूर्वी ते मला सांगता आलं नसतं, पण माणसांच्या आठवणीच्या पार पलीकडे. मला इतका आनंद झाला की मी तिथंच मोठ्यानं ओरडले, आणि मुकादमाला वाटलं विंचू चावला.

साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते. मी ठरवलं, सकाळी सगळ्यांना गोळा करून हे दाखवायचं, आणि मगच खांब पडेल. संध्याकाळी निघताना मावशीला भेगांवर बोट ठेवून म्हटलं, "या बघितल्यात? हा खांब उद्यापर्यंत सांभाळा. तुमच्याच कामाचा आहे." बाकीचं उद्या सांगू म्हणून मी गाडीसाठी धावले.

सकाळी आले तर खांब ओळखू येईना. वरपासून खालपर्यंत, चारी बाजूंनी, शेणमातीनं लिपलेला. बोटांचे सुरेख अर्धगोल उमटलेले आणि वर कुंकवाची दोन बोटं. शेजारी मावशी उभी होती, मला वाटतं पहिल्यांदाच जराशी हसत.

"लय भेगा पडल्या हुत्या, बाई. ढासळला आसता. तुमी सांबाळा म्हनालात, म्हून जाता जाता भेगा बुजवून लिपून काडला."

जिच्यासाठी मी त्या भेगा जपत होते तिनंच त्या बुजवल्या होत्या. घराची भिंत भेगाळली तर तिनं दुसरं काय केलं असतं? मी मट्‌कन खाली बसले आणि रडले. दुःखानं नाही, निव्वळ रागानं, आणि तो राग मावशीवर नव्हता हे तिला सांगायचंही सुचेना. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला साहेब आले होते आणि तिथले खांब मापून झाल्यावर एकेक करून पाडले जात होते. मधल्या खांबापर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागणार नव्हता.

मी उठले आणि मावशीच्या हातातली कुदळ घेतली. भाजीच्या सुऱ्याचं हे काम राहिलं नव्हतं. लिंपण आणि भेगांत कोंबलेली माती बोटभरच आत गेली होती. वीतभर आत गेलं तर अस्सल तळ्याचा गाळ मिळणार होता. मात्र घाव चुकला असता तर खांबच आडवा झाला असता. मुकादम ओरडत आला, "बाई, माप व्हायचंय! खांब पडला तर सायबाला काय सांगू?"

"माझं नाव सांगा," मी म्हटलं आणि घाव घातला.

साडी खोचून कुदळ मारणारी कॉलेजची मुलगी बघायला काम थांबलं. पुरुष सल्ले देऊ लागले, बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मला हवंच होतं ते. माझ्या हातांना फोड आले, पण एक बाजू वीतभर आत कापली गेली आणि खांब उभा राहिला. मी सुऱ्यानं ती बाजू गुळगुळीत तासली. काळा थर, फिकट थर, भेगा, पुन्हा काळा थर, पुन्हा भेगा. सगळं उन्हात लख्ख दिसत होतं.

"हे बघा. इथं पाणी होतं, हे पाण्यातले शंख. इथं तळं आटलं, या भेगा, तुमच्या पायाखाली आहेत तशाच. ही तर जमिनीवरची गोगलगाय. तळ्यात गवत उगवलं होतं. तुमच्या पणज्याच्याही आधीची गोष्ट आहे ही. तेव्हा या मावशी जन्मल्या होत्या का?"

थोरली जाऊ पुढं आली. तिनं एका भेगेत बोट घालून पिवळी माती चिमटीत चुरडली, मग खाली वाकून तळ्याच्या कडेची भेग पाहिली आणि सरळ उभी राहून म्हणाली, "व्हय, आटलंया. म्हंजी तवाबी कुनीतरी ओटी चुकवली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी शास्त्र सांगायला गेले होते आणि त्यांनी त्याच भेगांमधून आणखी गुन्हेगार शोधून काढले होते. मावशी लांब, भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन, खाली मान घालून उभी होती. इतकं हरल्यासारखं मला परीक्षेतही कधी वाटलं नव्हतं.

पण थोरली तिथून हलली नव्हती. भेगांच्या वरच्या काळ्या थरावर बोट ठेवून तिनं विचारलं, "आन ह्यो कशाचा?"

"गाळाचा," मी चिडूनच म्हणाले. "शंख दिसत नाहीत का त्यात? पाणी परत आलं होतं."

"आन त्या खालच्या येळी?"

"तेव्हाही आलं होतं. प्रत्येक वेळी आलं."

तिनं त्या काळ्या थरातला एक शंख नखानं उकरून तळहातावर घेतला. मग कुणाकडेच न बघता म्हणाली, "मंग आसरा रुसल्या तरी परत येत्यात. आन आमी हितं घरच्या मानसाला धरून बसलो."

तिचा तो विचार मला तेव्हा पटला नव्हता, आजही पटत नाही. पाऊस रुसव्या-फुगव्यावर चालत नाही, आणि मावशीनं काही चुकवलंच नव्हतं. मला वाद घालायचा होता. तोंड उघडलंही होतं. पण थोरली आपल्या जागेवर, रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले.

"धाकटे, तितं काय हुबी ऱ्हायलीस? आन हिकडं घमेलं."

मावशी पहिल्यांदा हललीच नाही. मग आली. मी तोंड मिटून घेतलं आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक थराची माती वेगवेगळ्या पुडीत भरायला लागले, कारण साहेब टेप घेऊन माझ्या मागंच उभे होते. पुढं त्या पुड्यांवर माझं सगळं काम उभं राहिलं आणि सरांनी चिक्कीचं नाव पुन्हा काढलं नाही. साहेबांनी माप घेतलं. एक बाजू कापलेली का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मुकादमानं खरंच माझं नाव सांगितलं.

मग खांब पाडला. त्याचं ढेकूळ ढेकूळ मावशीनं घमेल्यात भरलं, थोरलीच्या हातात दिलं, तिनं पुढचीला, आणि ते जुनं तळं असं हातोहात बांधावर गेलं.