जिन्यावरची मिरचीची रांग

नोकरीला लागल्यावर मला सगळ्यात आधी शिकवलं ते यूज केस लिहायला. संगणकाचा प्रोग्रॅम करायच्या आधी साध्या वाक्यांत लिहून काढायचं: माणूस कोण, तो काय मिळवायला आलाय, त्यासाठी एकामागून एक काय करतो आणि मध्येच काही बिनसलं तर काय. मला हे काम फार आवडलं. मी बाजारातसुद्धा दुकानांचा क्रम ठरवून निघणारी बाई. इथे त्याचाच पगार मिळत होता.

त्याच उन्हाळ्यात लालबागच्या माझ्या आत्याचं कांडप मशीन अडचणीत आलं. आत्याचे यजमान, आमचे काका, कामाला होते ती गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. मग दोघांनी चाळीच्या तळमजल्यावर मिरची-मसाला कुटायचं मशीन टाकलं. काका पट्टे आणि मुसळं सांभाळत, आत्या गिऱ्हाइकं. होळी झाली की भाजलेल्या मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बायका पार जिन्यापर्यंत उभ्या. वरून उतरणारा प्रत्येक जण शिंकत शिंकत वाट काढी. शेवटी चाळ कमिटीचा निरोप आला, "हा रविवार सोडून पुढच्या रविवारी बघायला येतो. जिना अडलेला दिसला तर मशीन दुसरीकडे हलवा." दुसरीकडे कुठे? दोघांचं घर त्या मशीनवर चालत होतं.

"मी प्रोग्रॅम करून देते," मी म्हटलं. ऑफिसात एक जुना कंप्यूटर मोडीत निघाला होता, तो मिळण्यासारखा होता. बसल्या बसल्या लिहूनही टाकलं: गिऱ्हाईक पिशवी देते. नंबर घेते. घरी जाते. वेळ झाली की येऊन मसाला नेते.

आत्याने वाचलं. "फस्क्लास! त्यांना लवकर हवं असतं, बाकी काय?"

प्रोग्रॅमच्या आधी हाताने चिठ्ठ्या देऊन बघू, असं ठरलं. शनिवारी बायकांनी नंबर घेतले, पदराला बांधले आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"अगं, घरी जा की!" आत्या ओरडली.

"माझो मसालो होवंदे, मगे जातंय," पुढची मालवणी बाई म्हणाली. तिच्या मागच्यांनी माना डोलावल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, "काय मिळवायला आली" ही ओळ आम्ही दोघींनी मनानेच भरली होती. मी रांगेत शिरले आणि एकेकीला विचारत सुटले.

गिरगावची एक बाई म्हणाली, "माझ्या आधी हिचा मसाला कुटला, तर माझी पहिली मूठ हिचीच निघणार. माझं नुसतं तिखट आहे. मी लोणच्याला वापरते."

"आणि माझ्या माशाच्या कढीत तुझी दालचिनी कित्याक?" मालवणी बाई तिच्या मागच्या बाईवर घसरली.

"दालचिनीने बाटत नाहीत गं तुझे मासे!"

सगळी रांग हसली, पण पिशवी कुणी सोडली नाही. घाई कुणालाच नव्हती. जी ती आपापल्या पिशवीवर पहारा देत होती.

त्या दुपारी बाकड्यावर बसून मी सगळं नव्याने लिहिलं. काय मिळवायला आली: माझ्या मसाल्यात दुसरीचं काही येऊ नये. मग क्रम आपोआप सुचत गेला. सकाळी मशीन झाडून आधी नुसतं तिखट, मग माशांचे मसाले, शेवटी गरम मसाले. जिचं कुटणं चालू आहे ती आणि तिच्यानंतरची, दोघी आत बाकावर बसून डोळ्यांनी बघणार. बाकीच्यांनी आपल्या प्रकाराच्या वेळी यायचं. वीज गेली तर पिशवी मालकिणीच्या हातात परत. वेळ चुकली तर उद्या.

"आणि कंप्यूटर?" मी विचारलं.

"तो कशाला?" काका म्हणाले. "इथल्या धुळीत बिचारा दोन दिवसांत शिंकून मरेल."

कागद दारावर चिकटवला. आठवड्याभरात बायकांनी तो पाठ केला आणि नव्या येणाऱ्यांना त्याच दटावून सांगू लागल्या.

रविवारी चाळ कमिटीचे अध्यक्ष आले. जिना मोकळा होता. त्यांनी खालून वर पाहिलं, वरून खाली पाहिलं, घरी गेले आणि थोड्या वेळाने पिशवी घेऊन परत आले.

"आमच्या हिचं तिखट. जरा कुटून द्या."

"तिखट सकाळी," आत्या म्हणाली. "आता गरम मसाले चालू झाले. उद्या या."

"अहो, मी चाळीचा अध्यक्ष आहे!"

"म्हणून तर सांगते. लवंगांची मूठ तुमच्या तिखटात गेली, तर वहिनी कुणाला बोलतील?"

अध्यक्ष पिशवी काखेत मारून जिना चढले. मशीन हलवायचा विषय पुन्हा निघाला नाही. सोमवारी सकाळी काकांनी दार उघडलं, तर पहिलं गिऱ्हाईक तेच. आत बाकावर मांडी घालून बसले आणि मुसळांवरून नजर हलवायला तयार नव्हते.