मशीन थांबलं की

गल्लीत तिला टाचणीताई म्हणत, कारण ओठांत टाचण्या नाहीत असं तिचं तोंड कुणी पाहिलंच नव्हतं. पुढच्या खोलीत तिचं पायाचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत आठ वर्षांची लेक, मुंगी. हाताला सफाई अशी की टीप रेषेसारखी सरळ. जिवाला मात्र कायमचा घोर. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण जणू हिलाच बघून कुणी रचली असावी. दूधवाल्याला जरा उशीर झाला, की हिच्या मनात बिचाऱ्याचा अपघात होऊन जायचा.

आता तो घोर मुंगीलाही लागला होता. दुपारी आईनं निजवलं की ती डोळे घट्ट मिटून ताठ पडून राही. "घरात कुणीतरी येतं," म्हणे. रात्रीची झोप उडाली, खाणं तुटलं, हळूहळू शाळाही सुटली. टाचणीताईनं माळ्यापासून पलंगाखालपर्यंत घर धुंडाळलं. कुणी सापडलं नाही, तशी ती स्वतःच जास्त घाबरली.

शेवटी तिनं लहान मुलांच्या मनाची डॉक्टरीण गाठली.

"तो आला, हे कसं कळतं गं तुला?" डॉक्टरणीनं मुंगीला विचारलं.

"मशीन थांबलं की येतो. पाय वाजत नाहीत त्याचे. मी डोळे उघडतच नाही. तो माझ्या नाकाखाली बोट धरतो. बोटाला तेलाचा वास येतो. मग दात न उघडता 'आहे' म्हणतो आणि जातो. मग मशीन सुरू होतं."

टाचणीताईनं हात पिशवीखाली लपवले. मशीनच्या तेलाचा वास कितीही धुतलं तरी जात नसे.

मुंगीला बाहेर खेळण्यांकडे पाठवल्यावर ती म्हणाली, "मीच ती. श्वास चालू आहे ना, तेवढंच बघते. झोपमोड नको म्हणून चपला काढून जाते. ती जागी असेल असं वाटलंच नाही हो."

"कधीपासून बघता?"

"जन्मली तेव्हापासून."

आणि तिला रडू फुटलं. लेकीच्या घरातलं भूत आपणच, ही लाज घेऊन जायचं तरी कुठे?

"औषध दोघींना लागणार," डॉक्टरीण म्हणाली. "ती निजली की बघायला जायचं नाही. छाती धडधडेल, धडधडू द्या. आपोआप शांत होते. आणि तो कोण होता, ते तिला आजच सांगा."

घरी येऊन तिनं सांगून टाकलं. "अगंबाई, तूच होय!" म्हणून मुंगी चक्क हसली. जरा वेळानं मात्र तिनं विचारलं, "आई, माझा श्वास बंद पडणार होता का?"

"छे गं! काहीतरीच."

"मग बघायचीस कशाला?"

टाचणीताईनं पदर खोचला. ती भांडी घासायला उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगी आपणहून मागच्या खोलीत जाऊन पडली. टाचणीताईनं मशीन सुरू केलं. खोलीतून चाहूल नाही, कुशीवर वळल्याचा आवाज नाही. डोळ्यांपुढे नको नको ते यायला लागलं, छाती धडधडू लागली. कापड संपलं, तरी ती रिकाम्या सुईवर पाय चालवत राहिली. उठली मात्र नाही. आणि खरंच, धडधड ओसरू लागली. उद्या पोर शाळेत जाईल, असं तिला कितीतरी दिवसांनी वाटलं.

तेवढ्यात मानेला कुणाच्या तरी श्वासाची ऊब लागली. पाय वाजले नव्हते. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. खांद्यावरून एक इवलंसं बोट पुढे आलं आणि तिच्या नाकाखाली थांबलं.

"आहे," मुंगी दात न उघडता पुटपुटली, आणि अनवाणीच परत गेली.