काकींच्या डबीतली राख

काकींच्या मशेरीच्या डबीत मी भाताच्या तुसाची राख भरली, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत शास्त्रीय मूर्खपणा. राखेत लवंग होती, मीठ होतं आणि नव्या कोऱ्या बी.एस्सी.चा ताठा होता. ताठा जरा जास्तच पडला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीत मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. काकी शेजारी राहायच्या. नवरा बोटीवर, मुलगा मुंबईला. सकाळी त्या तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायच्या, तेव्हा अख्खी आळी खोकायची. मग पायरीवर बसून बोट हिरड्यांवर फिरवत राहायच्या. मध्येच कुणी काही विचारलं, तर बोट तोंडात तसंच ठेवून "थांब गो" म्हणायच्या. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेलच.

एकदा त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. डॉक्टर म्हणाले, "मशेरी सोडा, नाहीतर हा चट्टा वाईट वळणावर जाईल. आणि अधूनमधून दाखवायला येत जा." काकी घाबरून माझ्याकडे आल्या.

"मास्तरीणबाय, तू शिकलेली. कायतरी कर."

मी केलं. माझं शास्त्र साधं होतं: बोटाला चाळा हवा, हिरडीला चव हवी, राखेनं दोन्ही भागेल. मेंदू बिचारा यात कुठं आला?

तो आलाच. दुसऱ्याच दिवशी काकींचं डोकं दुखू लागलं, झोप उडाली. बांगड्याच्या कालवणात मीठ दोनदा पडलं. लाडक्या मांजरीला त्यांनी केरसुणी फेकून मारली आणि मग तिला मांडीवर घेऊन रडल्या. "आतून कायतरी ओरडतंय गो," म्हणाल्या. मी फळ्यासमोर उभी असल्यासारखी म्हणाले, "काकी, मन खंबीर हवं!" तेवढ्यावर तरी थांबावं! विहिरीवर चार बायकांदेखत म्हणाले, "काकींना सोडायचीच नाहीये."

काकी कळशी उचलून घरी गेल्या.

त्यानंतर त्या पायरीवर दिसेनाशा झाल्या. तवाही तापेना. काकी सुटल्या, म्हणून मी शाळेत ऐटीत मिरवलं. पुढे कित्येक महिन्यांनी त्यांच्या परसात सहज डोकावले, तर काकी न्हाणीघरामागे भिंतीला टेकलेल्या, बोट तोंडात, शेजारी बाजारातल्या तयार मशेरीची पुडी. मला पाहताच त्यांनी तोंडावर पदर ओढला. डॉक्टरकडेही त्या फिरकल्या नव्हत्या.

"सोडलीस काय म्हणून विचारतील. काय तोंड दाखवू त्येंना?"

मी त्यांना हाताला धरून नेलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "तंबाखूतलं निकोटिन हिरडीतून रक्तात उतरतं आणि मेंदूत पोचतं. तिथं ते धरून घेणाऱ्या जागा असतात. रोज मिळत गेलं की त्या वाढतात. एकदम बंद केलं की सगळ्या रिकाम्या राहतात आणि आकांत मांडतात. कालांतरानं त्या शांत होतात, पण तोवर माणसाचे हाल. यात मनाचा दुबळेपणा कसला?"

काकींनी जरा विचार केला. "म्हंजे पंगत बसलीय आणि वाढपी पळाला."

"अगदी तसंच."

"आणि ही मास्तरीणबाय पंगतीला सांगत होती, भूक नाय म्हणा!"

आम्ही तिघंही हसलो. मग डॉक्टरांनी बॅटरी लावून गाल पाहिला. बराच वेळ पाहिला. बॅटरी विझवून म्हणाले, "मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवायला हवं. उशीर नको."

मुंबईला निघेपर्यंत काकी एकेक चिमूट कमी करत होत्या. जीव कासावीस झाला की मला हाक मारायच्या. मी नुसती शेजारी बसायचे, तोंड मिटून. माझ्या बाबतीत ही शिक्षा थोडीथोडकी नव्हे.

काकी मुंबईहून परतल्या नाहीत; चट्ट्यानं वाईट वळण घेतलंच होतं. त्या जाताना एस.टी. स्टँडवर त्यांचा मुलगा पिशव्या चढवत होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण आधी रडूच फुटलं. काकींनी माझा हात धरला.

"गप गो. आता पुढं अशी कोण बाई भेटली, तर तिला आधी डॉक्टराकडं ने. रागवायचं काय ता मगे."